अर्थशास्त्राचा पहिला पाठ

१

महाविद्यालयात अर्थशास्त्राचा तास सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यातच विद्यार्थ्याच्या वहीत काही व्याख्या उतरतात. गरज, उपयोगिता, मागणी, पुरवठा, किंमत. अध्यापक फळ्यावर दोन रेषा काढतात, एक वरून खाली उतरणारी, दुसरी खालून वर चढणारी. त्या जेथे परस्परांस छेदतात तेथे एक ठळक बिंदू देऊन ते ‘समतोल’ हा शब्द लिहितात. हा तास आम्ही विद्यार्थी म्हणून ऐकला आणि पुढे अध्यापक म्हणून अनेक वर्षे घेतलाही. त्या बिंदूकडे पाहताना विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते आमच्या परिचयाचे आहे. बाजारातील एवढा गोंधळ दोन रेषांत मावतो हे पाहून कोणालाही आनंद व्हावा.

परंतु एकदा एका शेतकऱ्याच्या मुलाने आम्हांस विचारले, “भाव पडला की पुरवठा कमी होतो असे आपण सांगता. आमच्या घरी तर भाव पडला की जास्त पोती विकावी लागतात. कारण हप्ता तेवढाच असतो.” प्रश्न भाबडा नव्हता. ज्याला ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी भरावयाची आहे, त्याची पुरवठ्याची रेषा पुस्तकातल्याप्रमाणे चढत नाही. त्या दिवशी आम्ही त्याला काही उत्तर दिले. पण घरी आल्यावर मनात आले की या मुलाचा प्रश्न फार जुना आहे, आणि या शास्त्राचा पहिला पाठ आपल्या देशात कसा आला, कोणत्या भाषेत आला आणि त्याने काय केले, हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर पुरे होणार नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचाच प्रयत्न होय.

२

हिंदुस्थानच्या राज्यकारभाराशी संबंधित असा अर्थशास्त्राचा पहिला वर्ग हिंदुस्थानात भरला नाही. तो इंग्लंडमध्ये भरला. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलकी नोकरांच्या शिक्षणासाठी जे महाविद्यालय काढले, आणि जे पुढे हेलिबरी येथे स्थिरावले, तेथे १८०५ साली टॉमस रॉबर्ट माल्थस यांची इतिहास व अर्थशास्त्र या विषयांचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. लोकसंख्येवरील निबंधाने गाजलेले हे गृहस्थ १८३४ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. इंग्लंडात या विषयासाठी निर्माण झालेले हे अगदी आरंभीचे अध्यापकपद. विद्यार्थी सोळा ते वीस वर्षांच्या वयाचे. पुढे जहाजात बसून मुंबई, मद्रास वा कलकत्ता गाठावयाचे आणि जिल्ह्यांचा कारभार हाती घ्यावयाचा, हे त्यांचे भवितव्य ठरलेले. ॲडम स्मिथ यांचा १७७६ सालचा ग्रंथ हा त्यांच्या अभ्यासाचा पाया होता.

याच सुमारास शेतजमिनीच्या खंडाविषयीचा एक सिद्धान्त आकाराला आला. माल्थस व रिकार्डो या दोघांनीही १८१५ साली तो आपापल्या परीने मांडला. सर्वांत हलक्या जमिनीतून लागवडीचा खर्च जेमतेम भरून निघतो. तेथे खंड उरत नाही. तिच्याहून सरस जमिनीत खर्च वजा जाता जे अधिक उरते तो खंड. यावरून एक अनुमान निघाले : सरकारने आपला सारा या अधिक उरणाऱ्या भागातूनच घेतला, तर शेतीला किंवा शेतकऱ्याच्या चरितार्थाला धक्का पोचणार नाही. अनुमान तर्काला धरून होते. वर्गात त्यावर आक्षेप घेण्यासारखे फार थोडे होते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा मुलूख कंपनीकडे आला. पुणे जिल्ह्याच्या जमिनीची पाहणी करून सारा ठरविण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या हेलिबरीत शिकून आलेल्या तरुण अधिकाऱ्याकडे आले. त्याने जमिनीची प्रतवारी केली, प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून किती पीक निघते आणि लागवडीस किती खर्च येतो याचे हिशेब मांडले, खर्च वजा जाता राहणारे निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याच्या शेकडा ५५ इतका सरकारचा वाटा ठरविला. १८३० च्या सुमारास ही पद्धत अमलात आली. वर्गातील सिद्धान्त इतक्या निष्ठेने शेतात उतरविण्याचा दुसरा प्रयत्न क्वचितच झाला असेल.

परिणाम काय झाला? निव्वळ उत्पन्नाचे आकडे काढणे हे कागदावर सोपे होते. शिवारात ते कनिष्ठ कारकुनांच्या हाती होते, आणि ते पुष्कळ ठिकाणी चुकीचे वा लबाडीचे निघाले. त्यातच धान्याचे भाव उतरले. सारा मात्र ठरला तोच राहिला. इंदापूर भागात शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, शेते पडीत पडली. अखेर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून नव्याने काम हाती घेतले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा शोध सोडला, जमिनीची प्रत आण्यांच्या हिशेबाने बांधली, पूर्वी प्रत्यक्ष किती सारा वसूल होत होता हे पाहिले आणि बेताचा आकार तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात त्या पद्धतीचे नियम ग्रथित झाले.

हा इतिहास आम्ही विस्ताराने सांगितला याचे कारण असे की प्रिंगल हा दुष्ट मनुष्य नव्हता. तो चांगला विद्यार्थी होता. त्याने पहिला पाठ नीट पाठ केला होता. ज्या गृहीतांवर तो पाठ उभा होता, ती गृहीते इंदापुराच्या माळरानावर आहेत किंवा नाहीत, एवढे पाहावयाचे त्याच्याकडून राहिले. आमच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका हाच होता : हप्ता तेवढाच असतो.

३

इंदापुरात हे घडत असताना ज्या पिढीचे बालपण गेले, तिनेच मराठीत हे शास्त्र आणले, आणि तेही मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी. ही गोष्ट आपल्या अध्यापकवर्गाच्या ध्यानात फारशी राहिलेली नाही. १८४३ साली रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानची प्राचीन व तत्कालीन स्थिती आणि तिचा पुढे होणारा परिणाम यांचा विचार करणारे पुस्तक लिहिले. गोपाळ हरि देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, ‘प्रभाकर’ पत्रातून शतपत्रे लिहीत असतानाच १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ हे पुस्तक घेऊन पुढे आले. क्लिफ्ट या इंग्रज ग्रंथकाराच्या प्राथमिक पुस्तकाचा त्यास आधार होता. त्या वेळी लोकहितवादींचे वय सव्वीस वर्षांचे होते. १८५४ साली हरि केशवजी यांची ‘देशव्यवहारव्यवस्था’ प्रसिद्ध झाली, आणि १८५५ साली कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मिलच्या ग्रंथाच्या आधारे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली. मिलचा मूळ ग्रंथ १८४८ सालचा. म्हणजे अवघ्या सात वर्षांत तो विचार मराठीत येऊ लागला होता.

या पुस्तकांच्या नावांकडेच पाहावे. एकाला ते लक्ष्मीचे ज्ञान वाटले, दुसऱ्याला देशाच्या व्यवहाराची व्यवस्था, तिसऱ्याला अर्थाचे शास्त्र. प्रत्येक नावात त्या शास्त्राविषयीची एक स्वतंत्र समजूत आहे. ‘लक्ष्मीज्ञान’ या नावात आपल्या लोकांच्या दारिद्र्याची बोच आहे. लक्ष्मी रुसली आहे, ती का रुसली हे जाणून घेतले पाहिजे, असा त्याचा ध्वनी. ‘देशव्यवहार’ या नावात हे शास्त्र एका घराचे वा एका पेढीचे नसून सर्व देशाचे आहे, ही जाण आहे. शेवटी टिकले ते कृष्णशास्त्र्यांचे नाव. गंमत अशी की ज्या कौटिल्याच्या ग्रंथामुळे आज आपल्याला हा शब्द प्राचीन वाटतो, तो ग्रंथ त्या वेळी कोणाच्या हाती नव्हता; म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी तो १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. शिवाय कौटिल्याचे अर्थशास्त्र हे मुख्यतः राज्य चालविण्याचे शास्त्र आहे. कृष्णशास्त्र्यांनी जुना शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरला, आणि तो शब्द आज इतका रुळला आहे की तो कोणी योजिला हे विचारण्याचे कारणही कोणास पडत नाही. परिभाषेचे यश यालाच म्हणावे.

ही पुस्तके कोणत्याही परीक्षेसाठी लिहिलेली नव्हती, हा त्यांचा दुसरा विशेष. पदवी नव्हती, प्रश्नपत्रिका नव्हती, म्हणून विद्यार्थीही ठरलेला नव्हता. लेखकासमोर होता तो नुकताच वाचू लागलेला मराठी मनुष्य; कारकून, शिक्षक, व्यापारी, इनामदार. त्याला समजले नाही तर लिहिणे फुकट, ही जाणीव पानापानांत असावयास हवी होती. भाषांतरे कधी अवघड झाली, कधी उदाहरणे परकी राहिली. परंतु अर्थशास्त्र हा चारचौघांचा विषय आहे ही भूमिका त्यात होती.

४

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि हे शास्त्र महाविद्यालयात गेले. त्याबरोबर ते इंग्रजीतही गेले. यात केवळ तोटाच झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ ग्रंथ वाचण्याची, युरोपातील वाद समजून घेण्याची, सरकारशी त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच आकड्यांनी भांडण्याची शक्ती त्यामुळे एका पिढीला मिळाली. दादाभाई, रानडे, गोखले यांचे कार्य त्या शक्तीचे फळ होय. परंतु चारचौघांचा विषय आता वर्गातल्या मूठभरांचा झाला, हेही तितकेच खरे.

इकडे वर्गाबाहेर काय चालले होते? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, आपल्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपताच ते कोसळले आणि मुंबईतील पुष्कळ पेढ्या बुडाल्या. पुढे दख्खनच्या शेतकऱ्यावरचे कर्ज वाढत जाऊन १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. शेतकऱ्यांनी खते व रोखे जाळले. मागणी, पुरवठा, भाव, पत, व्याज या सर्वांवरचा याहून बोलका धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळणार होता? तो धडा मराठीत लिहिला तो जोतीराव फुले यांनी, १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात. शेतकऱ्याचे उत्पन्न कोठे जाते, सारा, पट्ट्या, व्याज आणि भिक्षुकशाही यांच्यात ते कसे विरते, हे त्यांनी शेतकऱ्याच्या बाजूने मांडले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी तो त्यांच्याकडून वाचून घेतला. महाविद्यालयात मात्र त्याला अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हणण्यास फार काळ जावा लागला.

महाविद्यालयाच्या भिंतींच्या आत हा प्रश्न उभा केला तो न्यायमूर्ती रानडे यांनी. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, ते आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वाचावयास द्यावे अशा योग्यतेचे आहे. त्यांनी प्रचलित शास्त्राची गृहीते एकापाठोपाठ एक समोर मांडली. मनुष्य स्वतःचा स्वार्थ पाहतो आणि तो त्याला नीट कळतो. श्रम आणि भांडवल जेथे लाभ अधिक तेथे मोकळेपणी जातात. स्पर्धेने भाव व मजुरी ठरते. मागणी व पुरवठा आपोआप जुळतात. मग त्यांनी विचारले की आपल्या देशात हे असे आहे काय? येथे व्यक्तीपेक्षा कुटुंब व जात प्रबळ आहेत, करारापेक्षा रूढी प्रबळ आहे, श्रमाला आणि भांडवलाला पाय फुटत नाहीत. तेव्हा हे नियम खोटे नसले तरी ते सर्व देशांस सर्व काळी सारखेच लागू आहेत, हे म्हणणे टिकत नाही. जर्मनीतील लिस्ट आदी विचारवंतांचा त्यांनी आधार घेतला. पण व्याख्यानाचे बळ दख्खनच्या अनुभवात होते. आमच्या मते इंदापुरातील पडीत शेतांना मिळालेले हे पहिले शास्त्रीय उत्तर होय. व्याख्यान अर्थातच इंग्रजीत झाले.

५

विसाव्या शतकात हा पाठ शिकविणाऱ्यांत एक नाव असे येते की ज्याने गृहीतांची ही तपासणी स्वतःच्या आयुष्यात भोगली. महू येथे १८९१ साली जन्मलेले भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले; तेथे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० पर्यंत तेथे राहिले. वर्गात ते हे शास्त्र शिकवीत होते. आणि अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करू नये असा काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. श्रम मोकळेपणी संचार करतात हे गृहीत या एका भांड्यापाशी थांबत होते.

ॲडम स्मिथच्या ग्रंथाचा आरंभ श्रमविभागाने होतो. टाचणीच्या कारखान्याचे ते उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. आपल्याकडे जातिव्यवस्थेचे समर्थन करणारे पुष्कळ जण हाच श्रमविभागाचा दाखला देत. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील प्रबंधात दाखवून दिले की कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांनाच कप्प्यांत वाटणे वेगळे. पहिल्या पाठातील पहिला शब्द त्यांनी अशा रीतीने पुन्हा तपासून दिला. त्यापूर्वीच, १९१८ साली, हिंदुस्थानातील लहान शेततुकड्यांवरील निबंधात त्यांनी शेतीवर पडलेला अतिरिक्त माणसांचा भार हे खरे दुखणे आहे, असे दाखविले होते.

याच काळात पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. वामन गोविंद काळे हिंदी अर्थशास्त्राची प्रवेशिका तयार करीत होते. त्यांचा मूळ ग्रंथ इंग्रजीत असला तरी त्यांनी ‘अर्थ’ हे मराठी नियतकालिक चालविले, आणि १९३५ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या संस्थापकांत ते होते. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. हेच गाडगीळ पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर उभे राहिले आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. सहकाराचे पुढे कोठे काय झाले हा स्वतंत्र विषय आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि ऊस पिकविणारा शेतकरी एका बैठकीत बसले, आणि ती बैठक मराठीत झाली. प्रिंगलच्या पाहणीशी हिची तुलना करून पाहावी.

६

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी विद्यार्थ्याची वाट आणखी वळणाची होती. निजामाच्या राज्यात १९१७ साली उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले आणि १९१९ पासून अध्यापन सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग काढून अर्थशास्त्रासह अनेक विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. देशी भाषेत उच्च शास्त्र शिकविता येत नाही, या समजुतीला त्याने कृतीने उत्तर दिले. परंतु राज्यातील बहुसंख्यांची भाषा तेलुगू, मराठी वा कानडी होती. परभणी-नांदेडकडून आलेल्या मराठी विद्यार्थ्याने मागणीला ‘तलब’, पुरवठ्याला ‘रसद’ आणि भांडवलाला ‘सरमाया’ म्हणावयास शिकावे, आणि सुटीत घरी गेल्यावर त्याच गोष्टी वडिलांना मराठीत समजावून सांगाव्या, अशी ती स्थिती होती. १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्या भागातील विद्यार्थ्याला घराजवळ वर्ग मिळाला.

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल. कला व विज्ञान शाखांची पहिली महाविद्यालये १९६२ साली पणजी व मडगाव येथे निघाली आणि ती मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. तेथील मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला शाळेत पोर्तुगीज आणि महाविद्यालयात इंग्रजी आली. बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांतही घरची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि प्रश्नपत्रिकेची तिसरी, हा अनुभव नवा नाही.

या अनुभवात केवळ तक्रारीचे कारण पाहावे असे आम्हांस वाटत नाही. दोन भाषांत शब्द तोलून पाहणारा विद्यार्थी त्या शब्दाकडे सहज विश्वासाने पाहत नाही. ‘रसद’ हा शब्द ऐकताच त्याला लष्कराची तरतूद आठवते, ‘पुरवठा’ म्हणताच घरचे धान्य पुरविणे आठवते, आणि शास्त्रातील अर्थ या दोहोंहून कोठे निराळा आहे, असा विचार त्याला करावा लागतो. परिभाषेची ही झटापट हाच अर्ध्याहून अधिक अभ्यास आहे. मात्र ती झटापट वर्गात उघडपणे झाली पाहिजे. ती न होता केवळ व्याख्या पाठ झाली, तर भाषा कोणतीही असो, हाती येते ती प्रिंगलची वही.

७

मराठीतून अर्थशास्त्र शिकविण्याची सोय आज आहे. भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आहे, विश्वकोशातील नोंदी आहेत, पदवी वर्गांची पाठ्यपुस्तके आहेत. शंभर वर्षांपूर्वीची उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली आहे. तरीही ही पुस्तके उघडली की पुष्कळदा असे दिसते की शब्द मराठी झाले, उदाहरणे मात्र परकीच राहिली. सफरचंदे आणि संत्री यांची अदलाबदल होते, ओसाड बेटावर एकटा मनुष्य श्रमाची वाटणी करीत बसतो. परंतु सुगीत पडणारा भाव, हातउसने, भिशी, बलुते, उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी टोळी यांना पहिल्या प्रकरणात जागा मिळत नाही. १८४९ साली लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले तेव्हा त्यांच्याजवळ कोश नव्हता. वाचक कोण आहे याची जाणीव मात्र होती. आपल्याजवळ कोश आहे. ती जाणीव अध्यापकाने आणावयाची आहे.

त्या शेतकऱ्याच्या मुलाला आम्ही पुढच्या तासाला पुन्हा उभे केले. फळ्यावर पुरवठ्याची रेषा काढली आणि त्याला सांगितले की ती ज्या गृहीतांवर चढते ती आधी लिही : विकणारा थांबू शकतो, त्याच्यावर ठरलेल्या तारखेचे देणे नाही, त्याच्याजवळ माल ठेवण्यास जागा आहे. मग यांतील कोणते गृहीत तुझ्या घरी नाही ते सांग. त्याने क्षणभर विचार केला आणि तिन्हींवर काट मारली. नंतर त्याने खडू घेऊन स्वतःची रेषा काढली. ती भाव उतरताना उजवीकडे सरकत होती. वर्गात थोडे हसे झाले. आम्ही ती रेषा पुसली नाही. तास संपेपर्यंत त्या दोन्ही रेषा फळ्यावर शेजारी शेजारी राहिल्या.